विश्लेषण : नोटीस चोवीस तासांची, हक्क पंधरा दिवसांचा! पाडकामाविरुद्ध न्यायालयात नेमके काय मिळते?

घरावर किंवा दुकानावर ‘अनधिकृत बांधकाम’ अशी नोटीस चिकटली की पहिला प्रश्न असतो, ‘स्टे मिळेल का?’ अनेकदा स्टे मिळतो. पण बांधकाम वाचतेच असे नाही. नागपूरमध्ये मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत एक घर जमीनदोस्त झाले होते. मुंबईत एका अभिनेत्रीच्या बंगल्यावरचा हातोडा न्यायालयाने बेकायदा ठरवला, तर केंद्रीय मंत्र्याच्या बंगल्यातील वाढीव बांधकामाला मात्र सवलत नाकारली. हे निकाल उलटसुलट वाटतात, पण त्यांच्यामागे एकच सूत्र आहे. ते महानगरातल्या बंगल्यांइतकेच बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावरस्त्यावरच्या चार गाळ्यांनाही लागू होते.

नारायणगडासारख्या ठिकाणी हा प्रश्न का महत्त्वाचा?

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. २०२४ आणि २०२५ मध्ये येथे झालेल्या दसरा मेळाव्यांमुळे गडाचे नाव राज्यभर पोहोचले. कोणत्याही तीर्थक्षेत्राकडे माणसांचा ओघ वाढला की रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव चढतो आणि शेताच्या बांधाला हॉटेल, गाळे, मंगल कार्यालय दिसू लागते. सातबारा आपल्याच नावावर असल्याने ‘माझ्या जमिनीत मी काही बांधीन’ असे मालकाला वाटते. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (बोलीभाषेत ‘एमआरटीपी’) नुसार जमीन आपली असली तरी तिचा ‘विकास’ करायला, म्हणजे बांधकाम करायला किंवा वापर बदलायला, परवानगी लागते.

परवानगी द्यायची कोणी, हाच गावाकडचा पहिला गोंधळ. शहरात नगर परिषद किंवा महापालिका असते. गावठाणाच्या आत ग्रामपंचायत (ग्रामपंचायत अधिनियम, कलम ५२) आणि गावठाणाबाहेर साधारणपणे जिल्हाधिकारी व त्यांच्या मदतीला नगररचना कार्यालय. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचा, म्हणजे एनएचा प्रश्न जमीन महसूल संहितेखाली वेगळा उभा राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने ग्रामीण भागात सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाला नगररचनाकाराच्या परवानगीतून मोकळीक दिली आणि सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीचीही परवानगी नको असे जाहीर केले. त्यातला पुढचा भाग मात्र गावागावांत पोहोचलाच नाही. मालकीची कागदपत्रे, मोजणी नकाशा, बांधकामाचा आराखडा आणि तो एकत्रीकृत नियमावलीनुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे द्यावाच लागतो. ‘परवानगी नको’चा अर्थ ‘नियम नको’ असा घेतला गेला आणि पुढच्या अनेक नोटिसांचे मूळ या गैरसमजात आहे.

याच कारणाने न्यायालयातला पहिला मुद्दाही इथेच निघतो. नोटीस काढणाऱ्याला ती काढण्याचा अधिकार होता का? ग्रामपंचायतीचा, तहसीलदाराचा आणि नियोजन प्राधिकरणाचा अधिकार वेगवेगळ्या कायद्यांतून येतो. चुकीच्या कलमाखाली किंवा अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने काढलेली नोटीस टिकत नाही. योग्य अधिकारी मात्र दुसऱ्या दिवशी नवी नोटीस काढू शकतो.

२४ तास की १५ दिवस?

सध्याच्या बहुतांश वादांचा गाभा हा आहे. एमआरटीपीच्या कलम ५३ मध्ये दोन प्रकार आहेत. मुळातच परवानगी न घेता, किंवा रद्द झालेल्या परवानगीवर बांधकाम केले असेल तर २४ तासांची पूर्वसूचना. परवानगी होती पण तिच्या अटी मोडल्या, मंजूर नकाशापेक्षा वेगळे बांधले, तर किमान एक महिन्याची मुदत. याशिवाय काम सुरू असतानाच ते थांबवण्याची नोटीस कलम ५४ खाली काढता येते. कलम ५२ मध्ये फौजदारी शिक्षाही आहे. तुरुंगवास एक महिना ते तीन वर्षे आणि दंड दोन ते पाच हजार रुपये. आजच्या बांधकाम खर्चात पाच हजारांत वाळूची एक खेपही येत नाही, त्यामुळे या दंडाला कोणी घाबरत नाही. भीती असते ती जेसीबीची.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बुलडोझर’ प्रकरणात निकाल दिला. खंडपीठ होते न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचे. अमरावतीचे न्या. गवई पुढे मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून न्यायालयाने देशभरासाठी कार्यपद्धती घालून दिली. कारणे दाखवा नोटिशीशिवाय पाडकाम नाही. नोटिशीला उत्तर देण्यासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा १५ दिवस, यांतील जी जास्त असेल ती. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची, शिवाय बांधकामावर ठळक चिकटवायची. १५ दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्यापासून. जिल्हाधिकारी कार्यालयाला त्याची माहिती ई-मेलने द्यायची. मागची तारीख टाकून नोटीस तयार केल्याचा आरोप होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

नोटिशीत कोणता भाग अनधिकृत आहे, नेमका कोणता नियम मोडला आणि सुनावणी कधी, हे लिहावे लागते. सुनावणीनंतरच्या आदेशात त्या माणसाचे म्हणणे, ते का फेटाळले, बांधकाम नियमित करता येण्यासारखे आहे का आणि पाडणे हाच एकमेव उपाय का, याची कारणे हवीत. आदेशानंतर आणखी १५ दिवस. त्यात स्वतः बांधकाम काढून घ्यावे किंवा दाद मागावी. पाडकामाचे चित्रीकरण आणि पंचनामा बंधनकारक. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला अवमान कारवाईला तोंड द्यावे लागेलच, शिवाय पाडलेले स्वखर्चाने उभे करून द्यावे लागेल.

या निकालाला चार महिने होत असताना १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल उसळली. २१ मार्चला महापालिकेने एका आरोपीच्या आईच्या नावावर असलेल्या घराला कलम ५३ (१) खाली २४ तासांची नोटीस दिली. २४ मार्चला सकाळी घर पाडले गेले. त्याच दिवशी नागपूर खंडपीठाने (न्या. नितीन सांबरे आणि न्या. वृषाली जोशी) स्थगिती दिली, तेव्हा त्या घराचे काम संपले होते, महाल भागातील दुसऱ्या घराचे पाडकाम मात्र मध्येच थांबले. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचे परिपत्रक आपल्यापर्यंत आलेच नव्हते, असे त्यांच्या प्रतिज्ञापत्राचे म्हणणे होते.

उपराजधानीच्या महापालिकेपर्यंत पाच महिन्यांत जे पोहोचले नाही, ते तालुक्याच्या कार्यालयांत किती पोहोचले असेल, हा प्रश्न विचारायला हवा. त्याच फेब्रुवारीत मालवणमध्ये एका भंगार व्यावसायिकाचे दुकान पाडल्याचे प्रकरणही अवमान याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथील नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना नोटीस निघाली.

न्यायालय बांधकाम तपासते की कारवाई?

बहुतेक वेळा कारवाई. इथेच सामान्य माणसाचा अंदाज चुकतो.

सप्टेंबर २०२० मधले कंगना रनौत प्रकरण बघा. मुंबई महापालिकेने ७ सप्टेंबरला पाली हिलच्या बंगल्याला कलम ३५४ अ खाली २४ तासांची नोटीस दिली आणि ९ सप्टेंबरला पाडकाम सुरू केले. हे कलम आहे सुरू असलेल्या कामासाठी. आधीच उभ्या बांधकामासाठी वेगळे कलम (३५१) आहे आणि त्यात उत्तराला जास्त दिवस मिळतात. २७ नोव्हेंबरला न्या. शाहरुख काथावाला आणि न्या. रियाज छागला यांनी नोटीस आणि आदेश दोन्ही रद्द केले, कारवाईमागे दुष्ट हेतू असल्याचा निष्कर्ष काढला आणि नुकसान ठरवण्यासाठी मूल्यांकनकार नेमला. पण त्याच निकालात न्यायालयाने बेकायदा बांधकामाचे आपण समर्थन करत नाही, हेही सांगितले. बंगला अधिकृत ठरला नाही. पालिकेची घाई बेकायदा ठरली.

आता दुसरी बाजू. जुहूतील ‘अधीश’ बंगला, तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांचा. मंजूर चटई क्षेत्राच्या कितीतरी पट बांधकाम झाल्याचे पालिकेचे म्हणणे होते. ते नियमित करण्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला आणि त्याविरुद्ध न्यायालयातही यश आले नाही. मग दुसरा अर्ज आला आणि पालिकेने तो विचारात घेण्याची तयारी दाखवली. २० सप्टेंबर २०२२ रोजी न्या. आर. डी. धानुका आणि न्या. कमल खाता यांनी तो मार्गच बंद केला. अशी मुभा दिली तर शहरभर आधी बांधा, मग अर्ज करा असे चालेल, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वाढीव बांधकाम पाडण्याचा आदेश झाला आणि दहा लाखांचा दंडही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. कार्यपद्धती मोडली असेल तर न्यायालय कारवाई थांबवते. कार्यपद्धती पाळली असेल आणि बांधकाम नियमांत बसतच नसेल, तर मालक कोण याला फारसे महत्त्व उरत नाही. म्हणून ‘आम्ही पंधरा वर्षे घरपट्टी भरतो’, ‘वीजजोड दिला, मग आता अनधिकृत कसे?’ हे युक्तिवाद गावात जोरकस वाटतात, पण कोर्टात लंगडे पडतात. घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे. ‘शेजाऱ्याचेही अनधिकृत आहे, ते का पाडत नाही?’ यानेही आपले बांधकाम अधिकृत होत नाही. फार तर कारवाईत भेदभाव झाला हे दाखवायला त्याचा उपयोग होतो.

स्थगितीच्या काळात खरे काम कोणते?

नोटीस रद्द होणे म्हणजे वेळ मिळणे. त्या वेळेत करायचे काम एकच, बांधकाम नियमित होऊ शकते का ते पाहणे. कलम ५३ मध्येच त्याची सोय आहे. नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ प्रमाणे ‘आहे ते बांधकाम राहू द्यावे’ असा अर्ज केला, तर त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ नोटिशीच्या आधारे बांधकामाला हात लावता येत नाही. अनेकांना हे वकील गाठल्यावर कळते, तोवर मुदत गेलेली असते. अर्ज मात्र खरा हवा. सामासिक अंतर, उंची, चटई क्षेत्र नियमांत बसवता येत असेल, थोडे काढून उरलेले राखता येत असेल तर त्याला अर्थ आहे. रस्त्याच्या जागेत गेलेली भिंत कोणत्याही आर्किटेक्टला कागदावर मागे सरकवता येत नाही.

परवानगीच नाकारली तर?

हा वाद कमी गाजतो, कारण त्यात बुलडोझर नसतो. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असे मानले जाते. ऐकायला सोपे, पण मेख पुढे आहे. प्रस्ताव विकास नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच ही मानीव परवानगी लागू होते. न जुळणारे बांधकाम तिच्या भरवशावर केले तर ते अनधिकृतच. तेव्हा ६१ व्या दिवशी पाया खोदण्याआधी आपला नकाशा नियमांत बसतो का, हे तटस्थ माणसाकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

परवानगी नाकारताना कारणे लिहून देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ‘मंजूर करता येत नाही’ एवढीच ओळ असेल तर तो आदेश कमकुवत. त्याविरुद्ध कलम ४७ खाली आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. हा टप्पा टाळून थेट उच्च न्यायालयात गेले तर ‘आधी अपील करा’ असे ऐकावे लागण्याची शक्यता मोठी.

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते जवळ असते. पण कलम १४९ प्रमाणे या कायद्याखालील आदेश आणि नोटिसांना दाव्यात आव्हान देता येत नाही. नोटीस मुळातच अधिकाराबाहेरची आहे असे दाखवता आले तर काही वाट निघते, एरवी रस्ता रिट याचिकेचा. बीड जिल्ह्यासाठी तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जातो, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. २४ तासांची नोटीस आणि सव्वाशे किलोमीटर दूर न्यायालय, हे गणित गाळा चालवणाऱ्याला जुळत नाही. पंधरा दिवसांचा नियम म्हणूनच मुंबईपेक्षा अशा गावांसाठी जास्त मोलाचा आहे.

गायरान, वनजमीन आणि गुंठेवारी

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निर्देशांना दोन अपवाद आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरील बांधकाम आणि न्यायालयाच्याच आदेशाने होणारे पाडकाम. या यादीत गायरानाचा उल्लेख नाही. गायरान ‘सार्वजनिक जागा’ या व्यापक शब्दांत मोडते असे प्रशासन म्हणू शकते. यादी रस्ते-नद्यांची आहे, असे तिथे राहणारे म्हणू शकतात. मराठवाड्यासाठी हा वाद पुस्तकी नाही. गायरानावर कोणी व्यापारी गाळे बांधले आहेत, तर कोणा भूमिहीन कुटुंबाची तिसरी पिढी तिथे राहते आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यातील गायरानांवर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणे असल्याची आकडेवारी पुढे आली होती. त्याआधी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे नियमित करण्याला सक्त विरोध केला, पण भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी योजनेखाली दिलेल्या जमिनींसारखे मोजके अपवाद ठेवले. गायरानधारकाची लढाई त्यामुळे नकाशाची नसते. त्याला जुन्या शासन निर्णयाचा आणि ताब्याच्या पुराव्याचा आधार शोधावा लागतो.

वनजमिनीचा कायदा आणखी वेगळा. मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातच, शिरूर कासारमध्ये, वन विभागाने गुन्ह्यातील एका आरोपीचे घर आपल्या जागेवर असल्याचे सांगून पाडले. अशा ठिकाणी एमआरटीपीची कलमे उपयोगी पडत नाहीत. पण गुन्हा दाखल झाल्यावरच अतिक्रमण का आठवले, हा सर्वोच्च न्यायालयाने उपस्थित केलेला प्रश्न तिथेही लागू पडतो. त्या भागातील सारखीच इतर बांधकामे सोडून एकाच घरावर अचानक कारवाई झाली तर खरा हेतू शिक्षा देण्याचा होता असे मानायला जागा राहते, असे न्यायालयाने म्हटले आहे.

गुंठेवारीत मात्र थोडा दिलासा आहे. रेखांकन मंजूर न करता पाडलेले एक-दोन गुंठ्यांचे भूखंड आणि त्यावरची घरे यांसाठी २००१ च्या कायद्याची कालमर्यादा २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. एमआरटीपीचे कलम ५२ अ (२०१७) ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या काही बांधकामांना शुल्क भरून वाचण्याची संधी देते. दर काही वर्षांनी तारीख पुढे सरकते आणि लोकही तेच गृहीत धरून बांधतात. अनधिकृत बांधकामाला असे प्रोत्साहन देऊन मग सरकारने नोटिसा काढाव्यात, यात विसंगती आहे.

विकत घेणाऱ्याचे काय?

सर्वात मोठा फटका त्यालाच. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात पाच मजल्यांना मंजुरी असताना एक इमारत वीस मजली झाली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जादा मजले नियमित करायला नकार दिला. घरे घेणाऱ्यांची सहानुभूती कामी आली नाही. नालासोपाऱ्यातील अगरवाल नगरीत आरक्षित जागेवर उभ्या ४१ इमारती २०२४-२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. न्यायालयाचाच आदेश असल्याने तिथे पंधरा दिवसांच्या संरक्षणाचा आधारही नव्हता. १७ डिसेंबर २०२४ च्या मेरठ प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये, वीज-पाणी जोडणीही त्यानंतरच द्यावी, असे सांगितले. तीर्थक्षेत्राच्या रस्त्यावर गाळा घेताना विक्रेत्याकडे अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र ही तीन कागदपत्रे मागितली की बराच उलगडा होतो. नुसता सातबारा आणि शंभराच्या मुद्रांकावरची नोटरी पुढे आली तर व्यवहार थांबवावा.

नोटीस आल्यास पहिल्या दोन दिवसांत

नोटिशीवर कलम कोणते आणि सही कोणाची, ते पाहावे. नोटीस केवळ भिंतीवर चिकटवली असेल तर तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढावा. टपालाने आली असेल तर पाकीट जपून ठेवावे, कारण पंधरा दिवसांची मोजणी त्या शिक्क्यावर ठरू शकते. उत्तर लेखी द्यावे, वैयक्तिक सुनावणी मागावी आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली प्रत घ्यावी. बांधकाम राखण्याचा अर्ज करायचा असेल तर नोटिशीत लिहिलेल्या मुदतीच्या आतच करावा, पंधराव्या दिवसाची वाट पाहू नये. आणि नोटीस हातात असताना उरलेला स्लॅब रात्रीतून टाकून घेऊ नये. खंडपीठासमोर याचिका जाते तेव्हा पालिकेच्या किंवा तहसीलच्या फाइलमध्ये नोटिशीच्या दिवशीचे आणि नंतरचे असे दोन्ही फोटो असतात.